सेवेची परीक्षा कोणी घ्यावी?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तिच्याबरोबर एक मोठा फरक गाजावाजा न होता घडून आला, आणि त्याकडे आमच्या सुशिक्षित वर्गाचे जावे तितके लक्ष अद्याप गेलेले नाही. विद्यार्थ्याची समाजसेवा ही आजवर पदवीच्या उंबरठ्याबाहेरची, ज्याच्या त्याच्या हौसेची आणि सद्बुद्धीची बाब होती; ती आता उंबरठा ओलांडून पदवीच्या आत आली आहे. इतिहास, गणित किंवा हिशेबशास्त्र यांच्याप्रमाणे समाजसंपर्काच्या कामालाही श्रेयांक, म्हणजे विद्यार्थी ज्यांना क्रेडिट म्हणतात ते, मिळू लागले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या आराखड्यात ह्या कामाचे मापही ठरवून दिले आहे: पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्यास दोन तास, म्हणजे एकंदर तीस तास भरले की एक श्रेयांक पदरात पडतो. पूर्वी महाविद्यालयातील शेदोनशे होतकरू मुलेमुली जे काम आपखुशीने करीत, ते आता हजारोंनी करावयाचे आहे.

ह्या बदलाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ज्या देशात पदवीधराला आपल्या तालुक्यातील नदी कोठे उगम पावते हे ठाऊक नसते, पण परीक्षेपुरत्या परदेशातील नद्या पाठ असतात, त्या देशात विद्यार्थ्याला चार दिवस का होईना पुस्तकाबाहेर नेणारी कोणतीही योजना इष्टच होय. तथापि स्वागत करून थांबणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. ज्याची सेवा करावयाची, त्या गावकऱ्याला ह्या सर्व व्यवहारात तोंड उघडण्याचा काही अधिकार आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. आणि आमच्या मते सर्व योजनेचे बरेवाईट ह्याच एका प्रश्नावर अवलंबून आहे.

कल्पना नवी नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. विद्यार्थ्यांनी सुट्ट्या खेड्यांत घालवाव्या, असे महात्माजी विद्यार्थ्यांना सांगत आले होते. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखाली १९४८-४९ साली बसलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने स्वेच्छेच्या समाजसेवेची शिफारस केली. पुढे १९५९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद आमच्याच कुलाबा जिल्ह्यातील चिंतामणराव देशमुख यांजकडे दिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि देशाचे माजी अर्थमंत्री असलेल्या ह्या मनुष्यास पैशाची किंमत कळत नव्हती, असे कोणीही म्हणणार नाही. तरीही त्यांच्या समितीने अशी शिफारस केली की, शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी. खर्चाचा आकडा पाहून आणि अंमलबजावणीच्या अडचणी जाणून सरकारने ती शिफारस बाजूस ठेवली. पुढच्याच वर्षी प्रा. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील योजनांचा अभ्यास करून स्वेच्छेच्या बाजूने कौल दिला. कोठारी आयोगाने १९६६ साली समाजसेवा हा शिक्षणाच्या प्रत्येक पायरीचा भाग असावा असे सांगितले, आणि अखेर गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर, हा तिचा साचा. स्वयंसेवकांची संख्या पुढे तीस लाखांच्याही वर गेली. महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळत असता १९७३ साली ह्याच योजनेने दुष्काळनिवारण हा देशभराच्या शिबिरांचा विषय केला होता, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

ह्या साठ-सत्तर वर्षांच्या चर्चेचा सारा भर एकाच वादावर राहिला: सेवा सक्तीची असावी की स्वेच्छेची? कायद्याच्या दृष्टीने पाहता हा वाद फारसा अवघड नाही. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार बंद केली, पण त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या पोटकलमाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेवली आहे. मात्र तसे करताना केवळ धर्म, वंश, जाती किंवा वर्ग यांच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे सक्ती करता येते. ती करावी काय, हा निराळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर अनुभवाने दिलेले आहे. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची करण्यात आली, आणि पाच वर्षांच्या आतबाहेर, १९६८ साली, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. लाखो मुलांच्या हातून कवायतीची हजेरी भरून घेता आली, पण कवायतीमागची वृत्ती भरून घेता आली नाही.

आता श्रेयांकाच्या मार्गाने आलेली ही सेवा सक्तीची म्हणावी की स्वेच्छेची? जी केल्यावाचून पदवीचे गणित पुरे होत नाही, तिला स्वेच्छेची म्हणणे हा शब्दांचा खेळ होय. पण आम्ही त्या शब्दाला भीत नाही. बालपणी पाढेही सक्तीनेच पाठ झाले, म्हणून ते पुढे निरुपयोगी ठरले नाहीत. सक्तीपेक्षा मोठा धोका दुसराच आहे, आणि तो आमच्यासारख्या न्यायालयात उमेदवारी केलेल्या मनुष्याच्या नजरेस चटकन पडतो. तो धोका पुराव्याचा आहे.

सेवा झाली हे आज कशावरून ठरते? विद्यार्थी आपल्या वहीत तास लिहितो. प्राध्यापक त्यावर सही करतात. महाविद्यालय अहवाल तयार करते, त्यास छायाचित्रे जोडते, आणि विद्यापीठ तो दाखल करून घेते. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला गुण असल्यामुळे छायाचित्रावर ठिकाण, तारीख व वेळ उमटलेली असावी, ह्याची दक्षता तर विशेष घेतली जाते. खराटे हाती घेतलेली पंधरा मुले एका ओळीत उभी आहेत, मागे फलक आहे, फलकावर महाविद्यालयाचे नाव आहे. हे सर्व साक्षीदार, सूज्ञ वाचकहो, एकाच पक्षाचे आहेत. वादी स्वतःच साक्ष देतो, वादीचा गुरू तिला दुजोरा देतो, वादीचा कॅमेरा तिचे चित्र काढतो आणि वादीचेच विद्यापीठ निकाल देते. ज्याच्या दारी ही सेवा झाली, त्या गावाला समन्स सुद्धा निघत नाही. कोणत्याही दिवाणी न्यायालयात अशा रीतीने मिळालेल्या निकालास एकतर्फी हुकूमनामा म्हणतात.

ह्यात विद्यार्थ्यांना लबाड ठरविण्याचा आमचा हेतू नाही. माणूस ज्याचे माप घेतले जाते तेच पुरे करतो. तास मोजले तर तास भरले जातील, छायाचित्रे मोजली तर छायाचित्रे निघतील. विहिरीचे पाणी पिण्याजोगे झाले की नाही हे कोणी मोजतच नसेल, तर ते पाणी होते तसेच राहील. आणि ज्या मुलाने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न केलेल्या कामाचे तास लिहून त्यावर सही मिळविली, त्याला आपण समाजसेवा शिकविली नाही. खोटे प्रमाणपत्र कसे तयार करावे, ते मात्र शिकविले. दहा वर्षांनी तोच मुलगा एखाद्या कचेरीत बसून न झालेल्या रस्त्याचे बिल मंजूर करील, तेव्हा आपण भ्रष्टाचारावर अग्रलेख लिहू. त्यापेक्षा सेवेचा श्रेयांक मुळीच नसलेला बरा.

आमचा स्वतःचा एक अनुभव येथे सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही कायद्याचे विद्यार्थी असताना एका खेड्यात कायदासाक्षरतेचे शिबिर घेतले होते. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला होता, आणि त्या विषयावर भाषण करण्याचे काम आमच्याकडे आले होते. भाषण, आमच्या समजुतीप्रमाणे, चांगले झाले. टाळ्या पडल्या. सभा उठता उठता मागच्या बाजूला बसलेली एक वृद्ध बाई पुढे आली. तिचा नवरा वारून चार वर्षे झाली होती आणि जमिनीला अजून एकट्या दिराचे नाव होते. तिने विचारले, “माझं नाव सातबाऱ्यावर कसं लागंल, ते सांगा की.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. शेवटी आमच्यापैकी एकाने धीर करून सांगितले, “आजी, तुम्ही तलाठ्याकडे जा.” त्यावर ती म्हणाली, “तलाठ्यानंच तर तुमच्याकडं धाडलंय. म्हणला, शहरातनं वकिलाची पोरं आल्यात.”

१९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, हे आम्ही परीक्षेत लिहून उत्तम गुण मिळविले होते. जमीन महसूल संहितेच्या १४९ व्या कलमान्वये वारसाने आपला हक्क तलाठ्यास कळवावयाचा असतो आणि १५० व्या कलमान्वये त्याची नोंद फेरफाराच्या नोंदवहीत व्हावयाची असते, हेही कोठेतरी वाचले होते. पण तो अर्ज कसा लिहावा, त्यास काय जोडावे, मुदत टळून गेली असल्यास काय म्हणावे, हे आम्हा वीस भावी वकिलांपैकी एकालाही सांगता आले नाही. अर्धा तास कोणी तिच्याजवळ बसले असते तर तिचे काम मार्गी लागले असते. आमची गाडी निघावयाची होती, आम्ही निघालो. शिबिराच्या अहवालात उपस्थित ग्रामस्थांची संख्या आली, भाषणांचे विषय आले, आमची नावे आली. त्या बाईचा प्रश्न अहवालात आला नाही. त्या शिबिराचे मोल ठरविण्याचा अधिकार तिला असता, तर आम्ही सर्वच्या सर्व नापास झालो असतो. आणि ते नापास होणे आमच्या पुढच्या आयुष्याला फार हितकर ठरले असते.

सेवा करणाऱ्या विद्यार्थ्याला आपले शिक्षण कोठे अपुरे आहे हे कळावे, हाच तर ह्या कामाचा शैक्षणिक लाभ. केवळ हातांची गरज असेल तर गावात हात पुष्कळ आहेत. विद्यार्थ्याने तेथे जावयाचे ते आपली विद्या घेऊन, आणि ती विद्या त्या मातीत टिकते की नाही हे पाहून परतावयाचे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बचतगटाची वही लिहिण्यास मदत करावी, ग्रामपंचायतीचा जमाखर्च गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी तपासावे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यातील फ्लोराइडमुळे माणसांचे दात आणि हाडे खराब होतात, तेथे एका अचूक तपासणीचे मोल शंभर प्रभातफेऱ्यांपेक्षा अधिक आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने त्या आजीचा अर्ज लिहावा. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याने कायद्याच्या महाविद्यालयांत अशी मदतकेंद्रे चालविण्याची तरतूद केलेलीच आहे. वैद्यकीय शिक्षणात २०२२ पासून ह्या दिशेने एक पाऊल पडले आहे. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे आपली मानून अभ्यासक्रमाच्या काळात त्यांच्या आरोग्याची विचारपूस करीत राहावयाचे आहे. त्या योजनेतही कागदी घोडे नाचणार नाहीत असे नाही. पण तीच माणसे आणि तोच विद्यार्थी काही वर्षे एकमेकांसमोर येत राहावेत, हे तिच्यातील तत्त्व बरोबर आहे.

ह्या सातत्याच्या मुद्द्यावर आणखी एक शब्द लिहिणे प्राप्त आहे. महाविद्यालये ज्या गावात शिबिर घेतात, त्याला दत्तक गाव म्हणण्याचा प्रघात आहे. २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातही उच्च शिक्षणसंस्थांनी पाच-पाच गावे पदरात घ्यावीत अशी अपेक्षा ठेवलेली आहे. आता दत्तक ह्या शब्दाला कायद्यात एक अर्थ आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे एकदा कायदेशीररीत्या झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही; दत्तक घेणाऱ्यालाही नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. आमच्या महाविद्यालयांचे दत्तकविधान मात्र पुष्कळदा सात दिवसांचे असते. शिबिर संपले, राहुट्या निघाल्या, पुढच्या वर्षी रस्त्याला अधिक जवळचे दुसरे लेकरू सापडले. ज्या गावात चर खणले तेथे ते पावसाळ्यानंतर गाळाने भरले की राहिले, ज्या टेकडीवर रोपे लावली तेथे चैत्रात एक तरी हिरवे उरले काय, हे पाहण्यास कोणी परत जात नाही. वस्तुतः गाव हे अनाथ मूल नव्हे. त्याला आईबाप नको आहेत, शब्द पाळणारा शेजारी हवा आहे.

महाराष्ट्रात तरी शब्द पाळणाऱ्या सेवेचा वारसा शोधावयास दूर जावे लागत नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा नव्या सभासदास पाच वर्षांची उमेदवारी लावली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, ती गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये आणि दवाखाने चालवीत राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९४७ साली साताऱ्यास श्रम करून शिकण्याच्या तत्त्वावर महाविद्यालय उघडले. तेथे कष्ट हा शिक्षणाला जोडलेला अलंकार नव्हता, कष्टावाचून शिक्षणच शक्य नव्हते. ह्या सर्वांना ठाऊक होते की लोकांचे काम करावयाचे तर लोकांत पुरेसे राहावे लागते. तीस तासांत गोखल्यांचा शिष्य घडणार नाही, हे उघड आहे. पण एका महाविद्यालयाच्या तीनशे विद्यार्थ्यांचे तीस तीस तास एकाच गावात, एकाच कामावर, एकामागून एक पाच वर्षे पडले, तर त्या गावाची एखादी अडचण कायमची सुटू शकेल.

येथे सुधारकांना चुकवून चालणार नाही असा एक प्रश्न येतो. गाव म्हणजे कोण? शिबिर बहुधा देवळाच्या ओवरीत किंवा शाळेत उतरते, श्रमदान चावडीसमोर होते, आणि सरपंचाच्या हस्ते समारोप होतो. गावकुसाबाहेर म्हणून जी वस्ती एके काळी वसविली गेली आणि जी आजही बहुतेक ठिकाणी तेथेच आहे, तिच्यापर्यंत खराटे घेतलेली ही रांग पोहोचते काय? गटार तेथे तुंबलेले असते, आणि चौक येथे झाडला जातो. शिबिरातील स्वयंपाक कोणाच्या हातचा असतो, पाणी कोणत्या वस्तीतून येते, हे विद्यार्थ्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले तर समाजशास्त्राच्या दोन पुस्तकांइतके ज्ञान त्यांना एका संध्याकाळी होईल. ज्या सेवेने गावातील उच्चनीचतेची रेघ न दुखविता तिच्या अलीकडेच काम केले, तिने ती रेघ अधिक ठळक केली, असेच म्हटले पाहिजे. म्हणून गावाची साक्ष घ्यावी असे आम्ही म्हणतो, तेव्हा सरपंचाचा शिक्का घ्यावा असा त्याचा अर्थ नाही. तसे केल्यास एका सहीच्या जागी दोन सह्या होतील आणि असत्य होते तेवढेच राहील. ज्यांच्यासाठी काम झाले त्यांनी, त्यांच्या वस्तीत, तोंडाने सांगितले पाहिजे. सुदैवाने त्यासाठी नवा कायदा नको. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले आहे, आणि महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. पाणी कोण भरते आणि कोठून भरते, हे त्या सभेइतके खरे दुसरीकडे कोठेही कळणार नाही.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, आजचा विद्यार्थी म्हणजे शहरातील सुखवस्तू घरचा मुलगा, असे समजून ह्या योजना आखल्या जातात. वस्तुस्थिती तशी नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणारी कित्येक मुले सकाळी तासाला बसतात आणि दुपारी दुसऱ्याच्या शेतावर, दुकानात किंवा गॅरेजात राबतात. सोयाबीनच्या काढणीत ज्याच्या आईची मजुरी चुकत नाही, त्या मुलास श्रमाची प्रतिष्ठा शिकविण्यासाठी कुदळ देणे ही क्रूर थट्टा होय. त्याचे उत्तर असे की, त्याच्याकडून हातांचे काम मागू नये, त्याच्या माहितीचा मान ठेवावा. आपल्याच वस्तीच्या पाण्याची, शाळेची, रेशनच्या दुकानाची नीट पाहणी करून त्याने ती मांडली, तर त्याला पूर्ण श्रेयांक मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी त्याचा एक दिवसाचाही रोज बुडता कामा नये. मुलींच्या बाबतीत प्रवास, मुक्काम आणि शौचालय यांची सोय महाविद्यालयाने आधी पाहावी; ती न करता त्यांची गैरहजेरी मांडणे हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा. महाविद्यालयांत कित्येक जागा रिकाम्या आहेत, आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण अध्यापकांवर वर्गाबाहेरचे ओझे टाकण्याची सवय सर्वत्र जडली आहे. ज्याला शिकविलेल्या तासापुरताच मेहनताना मिळतो, त्याने गावात घालविलेला रविवार कोणाच्या खाती लिहावयाचा? हे काम जर खरोखर शिक्षण असेल, तर ते करून घेणाऱ्या अध्यापकाचा वेळ अध्यापनाचा वेळ म्हणून मोजला गेलाच पाहिजे आणि त्याचा प्रवासखर्च दिला गेलाच पाहिजे. विद्यार्थ्याला श्रेयांक आणि गुरूला ठेंगा, ही वाटणी फार दिवस चालणार नाही. पैशाच्या अडचणीमुळे १९५९ ची योजना बाजूस पडली. आताची योजना पैशावाचून स्वीकारली गेली आहे. ही सुधारणा म्हणावी की आत्मवंचना, याचा विचार सरकारने करावा.

तेव्हा विद्यापीठांपुढे आमच्या सूचना थोडक्या आहेत. महाविद्यालयाने एक गाव किंवा शहरातील एक वस्ती निवडावी आणि निदान पाच वर्षे ती सोडू नये. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीच्या स्वाधीन कामाची वही करावी. काय करावयाचे ते महाविद्यालयाने ठरवू नये. स्त्रियांच्या सभेने व ग्रामसभेने मागावे, आणि आपल्याला पार पाडता येईल एवढेच एखादे काम महाविद्यालयाने पत्करावे. न झेपणारे असेल तर तसे स्पष्ट सांगावे, कारण नाही म्हणणे हे खोट्या होकारापेक्षा सभ्यपणाचे आहे. काम संपल्यावर एक वर्षाने परत जाऊन दोनच प्रश्न विचारावे: केलेले काम टिकले काय, आणि आम्ही पुन्हा यावे असे तुम्हांस वाटते काय? ह्या उत्तरांवरून महाविद्यालयाची परीक्षा व्हावी. विद्यार्थ्याची परीक्षा मात्र निराळी असावी. रोपे जळाली, पाणी लागले नाही, अर्ज फेटाळला गेला, एवढ्यावरून त्याचे गुण कापू नयेत. असे का झाले हे ज्याने प्रामाणिकपणे लिहिले, त्याला पूर्ण श्रेयांक द्यावा. आणि न झालेले झाले म्हणून ज्याने लिहिले, त्याला शून्य द्यावे. एवढा एक नियम पाळला गेला तर तास मोजण्याची यातायात पुष्कळ कमी होईल.

कोणी म्हणेल की, अशिक्षित गावकऱ्यांनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची किंमत करावी हे उलटेच झाले. आम्ही उलट विचारतो: ज्या प्रजेच्या मताने देशाचे सरकार बसते आणि उठते, तिला आपल्या दारातले गटार वाहते की तुंबते एवढे सांगता येणार नाही काय? स्वराज्याचा लढा ह्याच तत्त्वावर लढला गेला की, आमचे हित कशात आहे ते दुसऱ्याने येऊन ठरवू नये. परकी सत्तेला लावलेला हा कायदा आपल्या स्वकीय सदिच्छेलाही लागू आहे.

येत्या सत्राच्या आरंभी प्रत्येक प्राचार्यांनी एक सोपी गोष्ट करावी, असे आम्ही सुचवितो. गेल्या पाच वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांनी जेथे शिबिर घेतले, त्यांपैकी एका गावाचा अहवाल कपाटातून काढावा, चार विद्यार्थी बरोबर घ्यावे, आणि तो अहवाल त्या गावात, विशेषतः त्यातील शेवटच्या वस्तीत, मोठ्याने वाचून दाखवावा. गावकरी माना डोलावतील, तर महाविद्यालयाने अभिमान बाळगावा. ते हसतील, तर तेथेच बसून पहिला प्रश्न ऐकून घ्यावा. कदाचित तो सातबाऱ्याचाच असेल.